पाहुणा की रहिवासी? पोकरपटूंचा परदेशातला मुक्काम

१५ एप्रिल २०११, शुक्रवार. अमेरिकेच्या न्याय खात्याने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर या तीन बड्या ऑनलाइन पोकर कंपन्यांच्या चालकांवरचं आरोपपत्र जाहीर केलं आणि त्यांच्या संकेतस्थळांचे पत्ते ताब्यात घेतले. २००६च्या इंटरनेट जुगारविरोधी कायद्याचा भंग, बँकांची फसवणूक, काळ्याचं पांढरं करणं असे आरोप होते. खेळणाऱ्यांपैकी कोणावरही गुन्हा दाखल झाला नव्हता. पण ज्यांचं घर या खेळावर चालत होतं, त्यांची कमाई त्या दिवशी थांबली. पोकरच्या जगात हा दिवस ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणून ओळखला जातो.

पोकरस्टार्स अमेरिकेतून खेळू देत नव्हती, पण अमेरिकन माणूस परदेशात राहून खेळला तर तिची हरकत नव्हती. मग अनेकांनी सामान बांधलं. फिल गॅलफंडसारखा नावाजलेला खेळाडू न्यूयॉर्क सोडून व्हँकुव्हरला गेला. कोणी टोरांटो-माँट्रिऑल धरलं, कोणी कोस्टा रिका, कोणी मेक्सिकोचं प्लाया देल कार्मेन. सॅन दिएगोजवळची सीमा ओलांडली की तासाभराच्या आत येणारं रोसारितो हे समुद्रकाठचं गाव तर अशा खेळाडूंचा अड्डाच बनलं. चार-पाच जणांनी मिळून फ्लॅट भाड्याने घ्यायचा, इंटरनेटच्या दोन जोडण्या घ्यायच्या, एक बंद पडली तर दुसरी हाताशी हवी म्हणून, आणि रात्रभर खेळायचं.

या स्थलांतराकडे सहसा साहस म्हणून पाहिलं जातं. मला त्यातली कागदपत्रांची बाजू जास्त महत्त्वाची वाटते, कारण खरी कोंडी तिथे होती. खातं पुन्हा उघडण्यासाठी पोकर कंपनी भाडेकरार, विजेचं बिल, तिथल्या बँकेचं खातं असे पुरावे मागायची. तुम्ही त्या देशात खरोखर राहता, हे तिला दाखवावं लागे. सीमेवरच्या अधिकाऱ्याला नेमकं उलटं पटवायचं असे: आपण पाहुणे आहोत, मुदत संपली की परत जाणार आहोत. एकाच माणसाला एकाच महिन्यात दोन ठिकाणी दोन विरुद्ध गोष्टी सिद्ध करायच्या होत्या, आणि दोन्हीकडे खरं बोलायचं होतं. परदेशात दीर्घकाळ राहणाऱ्या पोकरपटूचा प्रश्न मुळात हा आहे आणि आजही तो सुटलेला नाही.

जवळजवळ प्रत्येक देशाचा इमिग्रेशन कायदा येणाऱ्याची विभागणी ठरलेल्या प्रकारांत करतो. पर्यटक, विद्यार्थी, नोकरदार, व्यावसायिक, गुंतवणूकदार, कुटुंबीय. नोकरदाराला मालक असतो, व्यावसायिकाला गिऱ्हाईक असतं. पोकरपटूला दोन्ही नसतं. त्याचा पैसा समोरच्या खेळाडूंकडून येतो, कंपनी किंवा कॅसिनो फक्त आपला हिस्सा कापून घेतात. “तुम्हाला पैसे कोण देतं?” या साध्या प्रश्नाला अर्जात भरता येईल असं उत्तर त्याच्याकडे नसतं.

कॅनडाचं उदाहरण जरा बारकाईने बघू. तिथे व्हिजिटर म्हणून आलेल्या माणसाला साधारण सहा महिने राहता येतं, अमेरिकन नागरिकाला त्यासाठी व्हिसाही लागत नाही. काम मात्र करता येत नाही. आता ‘काम’ म्हणजे काय? कॅनडाच्या नियमांनुसार ज्याबद्दल पगार किंवा कमिशन मिळतं ते काम, किंवा कॅनडाचे नागरिक आणि कायम रहिवासी यांच्याशी तिथल्या रोजगाराच्या बाजारात थेट स्पर्धा करणारी कृती. परदेशी मालकासाठी, परदेशातून पगार घेऊन, इंटरनेटवरून केलेली नोकरी या व्याख्येत बसत नाही, असं तिथल्या अधिकाऱ्यांसाठीच्या सूचनांतच म्हटलेलं आहे. आपल्या खोलीत बसून जगभरच्या खेळाडूंशी ऑनलाइन पोकर खेळणाऱ्याला पगार नाही, कमिशन नाही, आणि तो कोणाची नोकरीही हिरावत नाही. त्यामुळे हा खेळ ‘काम’ ठरू नये, असा अर्थ सरळपणे निघतो.

पण तोच खेळाडू एखाद्या कंपनीचा बिल्ला शर्टाला लावून, दरमहा ठरलेली रक्कम घेऊन आपला खेळ थेट प्रक्षेपित करू लागला, की चित्र बदलतं. तो मोबदला आहे आणि देणारा ठाऊक आहे. एखाद्या कॅसिनोने टेबल भरलेलं दिसावं म्हणून तासाच्या हिशोबाने बसवलं, तर ती उघड नोकरीच झाली. खेळ तोच, पत्ते तेच, पैसा कुठल्या वाटेने आला त्यावर कायद्याचं मत ठरतं. ऑस्ट्रेलियाने आणखी रुंद जाळं टाकलं आहे. तिथल्या नियमांत, ज्या कृतीबद्दल ऑस्ट्रेलियात साधारणपणे मोबदला मिळतो, ती कृती म्हणजे काम. प्रत्यक्षात मोबदला घेतला की नाही हा प्रश्न तिथे गौण ठरतो.

कॅनडात व्हिजिटरला मुदतवाढ मागता येते आणि मुदत संपण्याच्या तीस दिवस आधी अर्ज करावा अशी सूचना असते. अर्ज वेळेत गेला तर निर्णय होईपर्यंत मुक्काम कायदेशीर राहतो. एक-दोनदा हे निभतं. तिसऱ्या-चौथ्या वेळी मात्र अधिकाऱ्याच्या मनात येणारच की हा माणूस पाहुणा म्हणून येतो आणि वर्षाचे अकरा महिने इथेच असतो, तर याचं घर नक्की कुठे आहे? प्रवेश मिळणं हा व्हिजिटरचा हक्क नव्हे, तो अधिकाऱ्याचा निर्णय असतो. दर सहा महिन्यांनी सीमेपलीकडे जाऊन नवा शिक्का आणण्याची ‘बॉर्डर रन’ची सवय जिथे चालते तिथे ती केवळ कोणी विचारत नाही तोवर. ज्या दिवशी विचारलं जातं, त्या दिवशी भाड्याचं घर, सामान, कधीकधी खात्यातले पैसेही सीमेच्या त्या बाजूला राहतात आणि माणूस या बाजूला.

मग कायमस्वरूपी नाही तरी निदान दोन-चार वर्षांचा रहिवासी परवाना का काढू नये? इथे पोकरपटूचं बँक स्टेटमेंट आडवं येतं. समजा, एका खेळाडूच्या खात्यात जानेवारीत सहा लाख जमा झाले, फेब्रुवारीत चार लाख गेले, मार्च-एप्रिल कोरडे, मे महिन्यात पुन्हा तीन लाख वजा, आणि जूनमध्ये एकाच टूर्नामेंटचे अठ्ठावीस लाख. दुसऱ्याच दिवशी त्यातले चौदा लाख तीन वेगवेगळ्या माणसांच्या खात्यात गेले. पोकर जाणणाऱ्याला यात काही वावगं दिसणार नाही. मोठ्या टूर्नामेंटची प्रवेश फी एकट्याने भरायची नाही, इतरांना आपल्या जिंकण्यातला वाटा आधीच विकायचा, याला स्टेकिंग म्हणतात, आणि वर्षभर चांगलं खेळूनही सलग तीन महिने तोट्यात जाणं या खेळात नेहमीचं आहे. पण वकिलातीतल्या अधिकाऱ्याला दिसते ती अचानक आलेली मोठी रक्कम आणि लगेच अनोळखी खात्यांत गेलेला तिचा अर्धा भाग. पैशांच्या अफरातफरीचा संशय घ्यायला एवढं पुरतं.

म्हणून स्टेकिंगचा करार लेखी असावा, वाटेकऱ्यांची नावं आणि टक्केवारी त्यात असावी, खेळण्याचं भांडवल आणि घरखर्च यांची खाती वेगळी असावीत. टूर्नामेंटच्या निकालांची नोंद सार्वजनिक असते, ती जोडता येते. ऑनलाइन कंपनीकडून पैसे काढल्याचे दाखले मागवून ठेवता येतात. खेळाडू बहुधा हे सगळं अर्जाच्या आदल्या आठवड्यात गोळा करायला बसतात आणि तोवर एखादी कंपनी बंद पडलेली असते किंवा खातं गोठलेलं असतं. ब्लॅक फ्रायडेनंतर फुल टिल्टच्या अमेरिकन खेळाडूंचे पैसे कित्येक वर्षं अडकले होते.

बऱ्याच देशांत जिंकलेल्या पैशांवर करच नाही, आणि याची दुसरी बाजू फार कमी जण लक्षात घेतात. ब्रिटनमध्ये १९२५ साली ग्रॅहम विरुद्ध ग्रीन या खटल्यात, घरबसल्या घोड्यांवर पैसे लावून जगणाऱ्या माणसाचा हा उद्योग ‘व्यापार’ नव्हे, असा निकाल लागला. तेव्हापासून तिथे जुगारातल्या कमाईवर प्राप्तिकर लागत नाही. कॅनडातही २०१०च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेचा विजेता जोनाथन दुहामेल याच्या बक्षिसाबद्दल कर खात्याने दावा लावला होता, आणि २०२२ मध्ये तिथल्या कर न्यायालयाने खेळाडूच्या बाजूने कौल दिला. खेळाडूंना अर्थातच आनंद झाला. पण कर खात्याच्या दृष्टीने जो व्यवसाय नाही, तो व्हिसाच्या अर्जात स्वयंरोजगार म्हणून दाखवायचा कसा? विवरणपत्रात उत्पन्नाचा रकाना रिकामा असेल, तर ‘मी स्वतःच्या पायावर उभा आहे’ हे कागदावर सिद्ध करणं अवघड होऊन बसतं. करमाफीची किंमत अशी दुसऱ्या खिडकीवर मोजावी लागते.

नव्याने निघालेल्या डिजिटल नोमॅड व्हिसांचा म्हणूनच पोकरपटूंना वाटतो तेवढा उपयोग होत नाही. पोर्तुगालने २०२२च्या ऑक्टोबरात असा व्हिसा आणला, स्पेनने त्याच वर्षाच्या शेवटी कायदा केला. या व्हिसांना परदेशी मालकाचं पत्र किंवा परदेशी गिऱ्हाइकांशी झालेले करार लागतात. ते नसले की अर्ज पहिल्याच टप्प्यावर अडतो. व्हिसाशिवाय किंवा पर्यटक म्हणून युरोपात गेलात, तर शेंगेन देशांत कुठल्याही १८० दिवसांत मिळून ९० दिवसच राहता येतं. बार्सिलोनाचे दिवस आणि प्रागचे दिवस एकाच हिशोबात धरले जातात. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे पासपोर्टवरच्या शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची संगणकीय नोंद सुरू झाली, त्यामुळे पुसट शिक्क्याच्या भरवशावर दिवस लपवण्याची सोय संपली.

मेक्सिकोची पद्धत मला या सगळ्यांत खेळाडूला समजून घेणारी वाटते. तिथे पर्यटक म्हणून जास्तीत जास्त १८० दिवस मिळतात. किती द्यायचे हे अधिकारी ठरवतो आणि पर्यटक म्हणून मुदतवाढ मिळत नाही. मात्र तात्पुरत्या रहिवाशाचा परवाना आहे, आणि तो ‘आर्थिक ऐपत’ या निकषावर मिळू शकतो. ही ऐपत दोन प्रकारे दाखवता येते: एकतर मागच्या सहा महिन्यांचं नियमित मासिक उत्पन्न, नाहीतर मागच्या बारा महिन्यांत बँकेत किंवा गुंतवणुकीत टिकून राहिलेली ठरावीक शिल्लक. पोकरपटूला दुसरी वाट जमण्यासारखी आहे. पैसा कोणी दिला यापेक्षा तो वर्षभर खात्यात टिकला का, याला तिथे वजन आहे. अर्ज मेक्सिकोच्या बाहेरच्या वकिलातीत करायचा, व्हिसा मिळाल्यावर देशात शिरायचं आणि तीस दिवसांच्या आत इमिग्रेशन कार्यालयात जाऊन कार्ड काढण्याची प्रक्रिया सुरू करायची. पहिलं कार्ड वर्षाचं, मग आणखी तीन वर्षांपर्यंत नूतनीकरण, आणि चार वर्षांनी कायम रहिवासाचा अर्ज. या कार्डावर मेक्सिकोत नोकरी करता येत नाही, पण ज्याला नोकरी करायचीच नाही त्याला तेवढी अट सोसवते. ब्लॅक फ्रायडेनंतर आलेल्यांपैकी ज्यांनी हे कार्ड काढलं, त्यांना सीमेवर दर खेपेला नवं कारण सांगत बसावं लागलं नाही.

आता उलट दिशेचा प्रवास. लास व्हेगासची वर्ल्ड सिरीज १९७० मध्ये सुरू झाली. आता ती दरवर्षी मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत चालते आणि जगभरचे खेळाडू सहा-सात आठवडे तिथे तळ ठोकतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या नियमपुस्तिकेत गोल्फपटू आणि मोटार शर्यतीतले चालक यांच्यासाठी एक तरतूद आहे: पगार किंवा दुसरा मोबदला न घेता केवळ बक्षिसाच्या रकमेसाठी स्पर्धेत उतरणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला बी-१ व्हिसा चालतो. टूर्नामेंट खेळायला येणारा पोकरपटू या तर्काच्या जवळ जातो. कॅश गेमवर महिनोन्‌महिने गुजराण करणाऱ्याबद्दल मात्र ही तरतूद काही बोलत नाही, कारण तिथे स्पर्धा नाही आणि बक्षीसही नाही. काउंटरवर “टूर्नामेंटसाठी आलोय, ही वेळापत्रकाची प्रत, हे परतीचं तिकीट” असं स्पष्ट सांगणारा खेळाडू “फिरायला आलोय” म्हणणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो. बॅगेत प्रवेश फीसाठी रोकड असते, फोनमध्ये स्टेकिंगचे संदेश असतात. फिरायला आल्याची कहाणी पाच मिनिटं टिकत नाही, आणि खोटं बोलल्याची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

भारतीयांचा इथे एक घोटाळा नेहमी होतो. व्हिसा दहा वर्षांचा असतो, म्हणून दहा वर्षं कधीही कितीही राहता येईल असं वाटतं. मुक्कामाची मुदत व्हिसा ठरवत नाही, ती आय-९४ या प्रवेश नोंदीवर असते आणि सहसा सहा महिन्यांपर्यंतची असते. ती तारीख ओलांडली की व्हिसा रद्द होतो. १८० दिवसांहून जास्त बेकायदा राहून बाहेर पडलं, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा अधिक झालं, तर दहा वर्षं. दहा हजार डॉलरच्या वर रोकड असेल तर ती जाहीर करावी लागते. रोकड नेण्याला मनाई नाही, लपवणं हा गुन्हा आहे. जिंकलेल्या रकमेतून परदेशी खेळाडूचा तीस टक्के कर जागेवरच कापला जातो. ब्रिटन, जर्मनी, जपान अशा काही देशांच्या नागरिकांना करारामुळे सूट मिळते, भारताचं नाव त्या यादीत नाही. ब्लॅकजॅक आणि रूलेत जिंकणाऱ्या परदेशी माणसाला अमेरिकी कायद्याने हा कर माफ आहे आणि ज्या खेळात कौशल्याचा वाटा जास्त त्या पोकरला मात्र माफी नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

मुक्कामाचा परवाना पक्का असला तरी खेळच तिथे गुन्हा नाही ना, हे वेगळं तपासावं लागतं. थायलंड हे याचं ठळक उदाहरण. २०२४च्या जुलैत थायलंडने डीटीव्ही नावाचा पाच वर्षांचा व्हिसा काढला. पाच लाख बाथची शिल्लक दाखवायची, प्रत्येक प्रवेशावर १८० दिवस राहायचं. कागदावर पोकरपटूसाठी अगदी मनासारखा. पण तिथे १९३५चा जुगारविरोधी कायदा अजून जिवंत आहे आणि पोकर त्यात बसतो. त्याच वर्षीच्या पत्त्यांविषयीच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय १२०पेक्षा जास्त पत्ते जवळ बाळगता येत नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये पट्टायात पोलिसांनी एका ब्रिज क्लबवर छापा घालून ३२ परदेशी लोकांना पकडलं. बरेचसे वयस्कर होते, पैसे लावून खेळत असल्याचा पुरावा मिळाला नाही, पण पत्ते मर्यादेहून अधिक निघाले. ब्रिज खेळणाऱ्या आजी-आजोबांची ही गत, तर लॅपटॉपवर रोज आठ तास पोकर खेळणाऱ्याने व्हिसाच्या भरवशावर निर्धास्त राहू नये.

आपल्याकडे हा विषय आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. २२ ऑगस्ट २०२५ ला ऑनलाइन गेमिंगच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे पोकर, रमी, फँटसी खेळ देणाऱ्या कंपन्यांनी आपले डाव लगेच थांबवले. इथेही खेळणाऱ्याला शिक्षा नाही, खेळ पुरवणाऱ्याला आहे. पुणे, मुंबई, बंगळुरूचे जे तरुण यावर पूर्णवेळ जगत होते, ते २०११ मधल्या अमेरिकनांच्या जागी येऊन उभे राहिले. पणजीत मांडवीवरच्या कॅसिनोंत प्रत्यक्ष पोकर चालू आहे. महाराष्ट्रात तीही सोय नाही. १९७६चा कॅसिनो कायदा कधी अमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये तो रद्दच करण्यात आला.

फरक पासपोर्टचा आहे. अमेरिकन मुलगा गाडी काढून रोसारितोला जाऊ शकला. आपल्या मुलाला नेपाळ सोडला तर जवळपास कुठेही राहायचं म्हणजे व्हिसाचे दिवस मोजावे लागतात. व्हिएतनामचा ई-व्हिसा नव्वद दिवसांचा. मेक्सिकोला आपल्याला व्हिसा लागतो, पण अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेनचा वैध व्हिसा हाती असेल तर त्यावर पर्यटक म्हणून जाता येतं. तिथे राहायचंच असेल, तर पर्यटक म्हणून जाऊन मग बघू, असं करू नये. वर्षभराची शिल्लक आधी खात्यात साठवावी आणि परवान्याचा अर्ज इथूनच करावा.

देश सोडला म्हणून भारताचा कर सुटतो असंही नाही. वर्षातले १८२ दिवस इथे काढले की माणूस करासाठी रहिवासी ठरतो. शिवाय २०२० मध्ये आलेल्या तरतुदीनुसार, ज्या भारतीय नागरिकाचं परदेशी मिळकत वगळून उत्पन्न पंधरा लाखांवर आहे आणि जो रहिवास किंवा तशा कारणाने जगात दुसरीकडे कुठेच करपात्र नाही, त्याला भारताचा रहिवासी मानलं जातं. तीन महिने हनोई, तीन महिने बँकॉक, तीन महिने त्बिलिसी असं फिरत राहून पुण्यातल्या दोन फ्लॅटचं भाडं खाणाऱ्याने हे सीएला विचारूनच निघावं. पैसे बाहेर नेण्याला वर्षाला अडीच लाख डॉलरची मुभा आहे, मात्र लॉटरीची तिकिटं, स्वीपस्टेक्स अशा गोष्टींसाठी रक्कम पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत थेट मनाई आहे. पोकरच्या खात्यात इथल्या बँकेतून भरलेली रक्कम या मनाईत धरली गेली तर काय, याचा सल्ला पैसे पाठवण्याआधी घ्यायला हवा. इमिग्रेशनचा वकील आणि कर सल्लागार ही दोन वेगळी माणसं असतात. एकाने दिलेला सल्ला दुसऱ्याला दाखवल्याशिवाय घराचा भाडेकरार करू नये.